टोळखोली आणि आमचे हे

आमच्या ह्यांना सगळं प्राणिसंग्रहालय टोळभैरव म्हणतं. नाव ऐकून कुणालाही वाटेल, चौकात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला दम देणारा कुणी असेल. प्रत्यक्षात भाजीवालीने सडका टोमॅटो टाकला तरी तिला वाईट वाटू नये म्हणून हे तो मुकाट्याने घरी घेऊन येतात, आणि मग माझी बोलणी खातात. काम टोळ पाळायचं, म्हणून टोळभैरव, एवढंच. वाघाचा रखवालदार मिशांना पीळ देत फिरतो, हत्तीवाल्याबरोबर लोक फोटो काढून घेतात. ह्यांच्या खोलीला साधी पाटीसुद्धा नव्हती. मागच्या अंगाला, औषधांच्या कोठीला लागून एक दार, ते उघडलं की जाळीचं दुसरं दार, आणि त्याच्या आत ह्यांचं राज्य.

टोळ म्हणजे नाकतोड्याचाच भाऊबंद. पक्ष्यांच्या पिल्लांना आणि सरड्यांना जिवंत, हलतं खाद्य लागतं. निपचित पडलेल्या किड्याकडे ती ढुंकून बघत नाहीत. म्हणून प्राणिसंग्रहालयात टोळ वाढवतात. मी पहिल्यांदा ती खोली बघितली तेव्हा दारातूनच परत फिरणार होते. बारा महिने आत उकाडा. काचेची दारं लावलेल्या पेट्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीत एक दिवा जळतोय, आत काटक्या उभ्या केलेल्या, तळाशी वाळूचे डबे. भिंतीकडेला ट्रेमध्ये गव्हाचे कोवळे अंकुर. आणि सतत एक बारीक करकर. मी विचारलं, "हा आवाज कसला?" तर हे म्हणाले, "जेवताहेत."

रोज सकाळी त्यातले धट्टेकट्टे वेचायचे, बादलीत भरायचे, उड्या मारू नयेत म्हणून थोडा वेळ फ्रिजमध्ये गारठवायचे आणि पक्षीघरात पोचवायचे. "लेकरासारखं वाढवायचं आणि नेऊन दुसऱ्याच्या चोचीत घालायचं, हा कसला धंदा?" असं मी एकदा म्हटलं. ह्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "मुलीच्या बापाचा." तेव्हा आमची लेक नुकतीच लग्न होऊन दूरच्या गावी गेली होती.

आमचा संसारही टोळांच्याच साक्षीने सुरू झाला म्हणा ना. नव्या नवलाईचे दिवस होते. एका संध्याकाळी ह्यांनी खिशातून एक भलाथोरला टोळ काढून टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "ह्याचे कान शोध बघू." मी डोकं न्याहाळलं, मिशा न्याहाळल्या. कान काही सापडेनात. "पोटाला आहेत," हे म्हणाले. "पंख उचल. इथे कडेला ताणून बसवलेला पातळ पडदा दिसतो का? त्याने ऐकतो हा."

"तुमचेही तिथेच असणार," मी म्हटलं. "ताट वाढल्याशिवाय हाक ऐकूच येत नाही."

मग ह्यांनी पाण्याचा पेला घेतला आणि त्या बिचाऱ्याचं डोकं पाण्यात बुडवलं. मी किंचाळले, "अहो, मरेल ना तो!" पण तो मरेना. हे आपले पेला धरून निवांत. "ह्याला तोंडाशी नाकच नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं आहेत, दहा जोड्या. त्यातून हवा आत जाते. डोकं बुडालं तर चालतं, पोट बुडालं की संपला."

"म्हणजे माणसासारखंच की. आपण तरी पोटापायीच बुडतो."

ह्यावर हे एवढे हसले की पेला हिंदकळला आणि टोळ उडून माझ्या खांद्यावर बसला. त्या हसण्यावर मी भाळले, दुसरं काही नाही. रूपाच्या बाबतीत आमच्याकडे आनंदच होता.

पुढची वीस-बावीस वर्षं मी हेच ऐकत आले. टोळाला डोळे पाच असतात: दोन मोठे, हजार भिंगांचे, आणि तीन ठिपक्याएवढे. चव तो पायांनीही घेतो. पानावर पाय ठेवला की कळतं, खायचं की नाही. उडी तो पायाच्या जोरावर एकदम मारत नाही. आधी गुडघा मुडपून ठेवतो, त्यात जोर साठवतो आणि मग एका क्षणात सोडून देतो. एकटा वाढला तर तो हिरवा आणि लाजाळू राहतो, पण दाटीवाटीत मागच्या पायांना सारखा धक्का लागत राहिला की पुढे त्याचा रंग बदलतो, स्वभाव बदलतो, तो टोळधाडीतला टोळ होतो. "बसच्या रांगेत आमचंही तेच होतं," मी म्हणायचे. मी चेष्टा करायचे आणि हे पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचे. पालथ्या घड्यावर पाणी, असं ह्यांना वाटत असावं. पण घडा तेवढा पालथा नव्हता.

मग ह्यांना शिंका सुरू झाल्या. आधी नुसत्या शिंका, मग डोळ्यांतून पाणी, मग खोकला. खोकला हटेना म्हणून मी घराची झडती घेतली. उशांचा कापूस बदलला. खालच्या मजल्यावरच्या सुताराशी भुशावरून भांडले, इतकं की तो अजून माझ्याकडे बघत नाही. मग संशय मांजरावर गेला. आमचं म्हातारं, एक कान तुटलेलं मांजर मी रडत रडत दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या धाकट्या बहिणीकडे पोचवलं. खोकला तसाच. शेवटी मला वाटलं, दोष माझ्याच अंगाला आहे. मी पडद्यांच्या दुकानात शिलाईला होते. दिवसभर कापडाचे तंतू उडायचे, केसांत अडकायचे. चांगली जम बसलेली नोकरी सोडून मी घरी बसले. ह्यांची छाती वाजायची ती वाजतच राहिली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही लेकीकडे जायचो, आणि तिथे चार दिवसांत हे ठणठणीत. मी म्हणायचे, हवापालट मानवली. मला खरंच तसं वाटायचं. ह्यांना मात्र केव्हाच कळलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "काम काय करता?" तर म्हणाले, "प्राण्यांचा रखवालदार." त्यांनी विचारलं, "केसाळ प्राणी?" तर म्हणाले, "छे, केसाळ जनावरांकडे मी जातच नाही." एक शब्द खोटा नाही. माणूस मवाळ असला की तो लबाड नसतोच, असं आपण उगीच धरून चालतो.

त्या वर्षी थंडी कडाक्याची पडली आणि एके दिवशी प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या बाजूची वीज गेली. वाघाला थंडी चालते, हत्तीला गोणपाट घालता येतं, पण टोळांची अंडी गारठली की पुढची सगळी पिढीच गेली. मादी पोट दुप्पट लांब करून वाळूत खोल खुपसते, अंडी घालते आणि वर फेसाचं बूच बसवते. त्या बुचाखाली ती अंडी फक्त उबेची वाट बघत असतात. ह्यांनी काय करावं? वाळूचे चार डबे पिशवीत घातले, वर आपला कोट गुंडाळला आणि थेट घरी आणले. आमच्या घरात सगळ्यात उबदार जागा म्हणजे झोपायची खोली. डबे पलंगाच्या उशाशी, हीटरपाशी मांडले.

"वीज आली की परत नेतो," हे म्हणाले. वीज आली, तरी हे म्हणाले, "आता हलवले तर बिघडतील." मीही म्हटलं, राहू देत. नाही तरी मांजर गेल्यापासून घर सुनं सुनं झालं होतं.

एके सकाळी मला जाग आली ती ह्यांच्या हसण्याने. पांघरुणावर, उशीवर, भिंतीवर, माझ्या दंडावर, जिकडे तिकडे तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं टुणटुण उडत होती. झाकण बसवायला हे विसरले होते. "अगं, बघ, बघ, सगळी निघाली! एकही वाया गेलं नाही!" हे लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते. मग हसता हसता खोकला लागला. खोकल्यातून शिटी निघू लागली. आणि मग शिटीही थांबली. हे पलंगाच्या काठावर दोन्ही हात रोवून बसले, खांदे कानांपर्यंत चढले, ओठ निळे पडले. तोंड उघडं, हवा सगळीकडे, आणि आत काही जाईना. मी पाठ चोळत होते, खिडकी उघडत होते, सुताराला हाका मारत होते. त्याच सुताराने ह्यांना पाठीवर घेऊन जिना उतरवला.

ह्या वेळी डॉक्टरीणबाईंपासून काही लपलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, पिल्लांसकट. त्यांनी ह्यांच्या हातावर ओळीने बारीक टोचे मारले: धूळ, कापूस, मांजर, लाकूड. सगळे टोचे निमूट राहिले. टोळांच्या धुळीचा टोचा मात्र लिंबाएवढा फुगला. त्यांची वाळलेली विष्ठा, अंगावरून गळलेला कोंडा, त्याची जी भुकटी होते ती वर्षानुवर्षं छातीत जाऊन शरीर बिथरलं होतं. टोळ पाळणाऱ्यांना होतो हा त्रास, त्या म्हणाल्या.

"मग औषध काय?" ह्यांनी विचारलं.

"ती खोली सोडायची. कायमची. पुन्हा असा झटका आला तर मी वाचवू शकेन, असं सांगू शकत नाही."

हे हातावर उठलेल्या त्या गांधीकडे बघत राहिले. आपलेच दात, आपलेच ओठ. ज्याला जीव लावला तेच जिवावर उठलं, आणि त्यात बिचाऱ्या टोळांचाही काही गुन्हा नव्हता.

अधीक्षक बाई भल्या होत्या. त्यांनी ह्यांना फाटकावर तिकिटं फाडायला बसवलं आणि टोळखोली पक्षीघराच्या रखवालदाराकडे दिली. त्याचाही दोष नाही. त्याला स्वतःची कामं थोडी होती का? तो अंकुर धुऊन ओलेच टाकायचा. ओल्या गवताने पेट्यांना बुरशी लागली, तळाशी टोळ मरून पडू लागले. हे फाटकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे चौकशी करायचे. रखवालदाराला चिठ्ठ्या पाठवायचे, "गवत कोरडं करून घाल." घरी आले की भिंतीकडे तोंड करून बसायचे. छाती सुधारत होती, माणूस विझत होता. मला ते बघवेना. मी दोन दिवस विचार केला आणि ह्यांना न सांगता अधीक्षक बाईंसमोर जाऊन उभी राहिले.

"मला ठेवा त्या खोलीत," मी म्हटलं. "वीस वर्षं शिकवणी झाली आहे माझी, फुकटात."

त्या हसल्या. पण त्यांनाही माणूस हवाच होता.

खोटं कशाला बोलू, मला काम आवडलं. मी बुरशीच्या पेट्या रिकाम्या करून उन्हात टाकल्या, गवत फडक्यावर पसरून कोरडं केलं, दिवे बदलले. महिन्याभरात पुन्हा ती करकर सुरू झाली. आणि घरी? हे दारातच माझी वाट बघत उभे असायचे. "मधल्या पेटीतल्यांचे पंख फुटायला आले का? माद्या वाळूवर बसतात का? नर पाय पंखावर घासून आवाज करतात का?" मी सांगत जायचे आणि हे डोळे मिटून ऐकायचे. आमचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी सांगत होते आणि हे ऐकत होते. पक्षीघरातली पिल्लं उडू लागली, तेव्हा ह्यांनी फाटकावर येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलं.

मी काळजी घेत नव्हते असं नाही. तोंडाला मास्क, अंगात वेगळे कपडे, तिथेच अंघोळ, तिथेच कपडे बदलायचे. लांब केस होते, ते कापून मानेपर्यंत आणले. आरशात बघून मलाच हसू आलं. हे म्हणाले, "छान दिसतंय," आणि मग म्हणाले, "जिना चढून दम लागला जरा."

जिना मी चढून आले होते. हे तर घरातच होते.

मग मला दिसू लागलं. जेवताना हे मधेच उठून गॅलरीत जायचे. बोलताना वाक्य अर्ध्यावर तोडायचे. मी जवळ बसले की खुर्ची थोडी सरकायची. बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्राखाली, तोंडात फवारा मारायचं दम्याचं औषध सापडलं, ते निम्म्याहून जास्त संपलेलं. माझ्या सुट्टीच्या दिवशी ह्यांची छाती गप्प, मी कामावरून आले की वाजायला लागायची. पूर्वी हे धूळ घेऊन घरी यायचे, आता मी आणत होते. पुन्हा ह्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

मी फवारा समोर ठेवला. "हे काय?"

ह्यांनी तो उचलून खिशात घातला. मग म्हणाले, "तू सोडू नकोस."

"अहो, मरायचं आहे का तुम्हाला?"

"थोडीच वाजते छाती. सवय होईल. अगं, तू संध्याकाळी येतेस आणि सांगतेस ना, तेवढ्यासाठी मी दिवसभर फाटकावर बसतो. ते बंद झालं तर..." पुढचं वाक्य खोकल्यात गेलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी तरी काय करायचं? मी ओरडले, रडले, भांडी आपटली. भांडी आपटून कुणाचा दमा बरा होत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, तुमच्या केसांतून जेवढं येतं तेवढंही त्यांना पुरेसं आहे. कुणाकडेच तिसरी वाट नव्हती. शेवटी मीच अधीक्षक बाईंना सांगितलं की मी सोडते. त्या बराच वेळ टेबलावर पेन्सिल आपटत राहिल्या. म्हणाल्या, आता दुसरा माणूस ठेवायची त्यांची तयारी नाही. पक्ष्यांसाठी बाहेरून खाद्य मागवता येईल, त्याची व्यवस्था होईपर्यंत मी थांबावं. मग खोली बंद होईल.

"आणि टोळ?"

"एवढे सोडता येणार नाहीत, शेतं खातील. शीतपेटीत ठेवावे लागतील. त्यांना त्रास होत नाही."

ते दिवस मी बहिणीकडे राहिले. ती म्हणाली, "आधी मांजर पाठवलंस, आता स्वतः आलीस. भावजींच्या दम्याने माझं घर भरणार." रोज फोनवर ह्यांच्याशी बोलायचे. हे टोळांबद्दल काही विचारायचे नाहीत, मी काही सांगायचे नाही. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "जेवले." एवढंच. श्वास मात्र फोनवर नितळ ऐकू यायचा. त्याचा मला आनंद व्हायचा आणि त्या आनंदाचाच राग यायचा.

शेवटच्या दिवशी पक्षीघराचा रखवालदार मदतीला आला होता, मी त्याला परत पाठवलं. पेट्या एकेक करून मीच उचलल्या. लहान पिल्लांच्या आधी नेल्या, मग मोठ्यांच्या. सर्वांत शेवटची पेटी उचलायला गेले आणि थबकले. आतले टोळ काटक्यांना उलटे लटकले होते, हलत नव्हते. त्यांची शेवटची कात निघत होती. पाठीवर चीर पडते, मग आतला ओला, फिकट जीव डोकं खाली करून हळूहळू स्वतःला ओढून काढतो; पाय, मिशा, सगळं जुन्या कातीतून सोडवून घेतो. त्या वेळी पेटीला धक्का लागला तर तो खाली पडतो आणि जन्माचा वाकडा होतो. मदत म्हणून बोट लावलं तरी मोडतो.

मला माहीत होतं की थोड्या वेळाने ते सगळे मरणार आहेत. तरी माझ्याने ती पेटी हलवेना. मी स्टूल ओढून बसले. एकेक जण बाहेर आला, वळून आपल्याच रिकाम्या कातीला धरून बसला. पाठीवरचे चुरगळलेले पंख हळूहळू उलगडत गेले, ताठ झाले, वाळले. दुपार टळली. सगळे निघाल्यावर मी पेटी उचलली.

तिथे मी तीनदा अंघोळ केली, कपडे बदलले आणि फोन न करता घरी आले. हे फोनवर सांगायचं नव्हतं. हे दारात उभे होते, चेहरा चांगला भरला होता.

"झालं?" ह्यांनी विचारलं.

"झालं. शेवटची पेटी कात टाकत होती. मी थांबले."

"सगळ्यांची नीट निघाली?"

"निघाली. पंख वाळेपर्यंत थांबले."

ह्यांनी मान डोलावली. मग एक लांब श्वास घेतला, पार तळापर्यंत गेलेला, कुठेही शिटी नसलेला. इतक्या महिन्यांनी ह्यांच्या छातीत पुरता श्वास मावला होता, आणि तो ह्यांनी रडण्यात घालवला. चौकटीला धरून माणूस हमसून हमसून रडत होता. मला पुढे होऊन त्यांना जवळ घ्यायचं होतं. पण माझे केस अजून ओले होते आणि त्यांत काय उरलं असेल ते मला ठाऊक नव्हतं. मी जिन्यावरच उभी राहिले.